भावाचं गाणं आहे, घाई करू नका

पत्र: माझा धाकटा भाऊ तेवीस वर्षांचा होता. ख्याल शिकत होता, पेटी चांगली वाजवायचा, रात्री लॅपटॉपवर स्वतःची गाणीही बांधायचा. फेब्रुवारीत त्याने आत्महत्या केली. त्याचं गाणं फोनमध्ये, लॅपटॉपवर, मित्रांकडे, गुरुजींकडे असं विखुरलेलं आहे. वर्षश्राद्धाला अल्बम काढून छोटी मैफल करावी, असं मला आणि त्याच्या मित्रांना वाटतं. बाबा म्हणतात, सगळं पुसून टाका, लोकांत चर्चा नको. आई रात्रभर त्याची एकच व्हॉइस नोट ऐकत बसते. त्याचा फोन अजून पोलीस ठाण्यात आहे. एक मित्र म्हणतो, शेवटचे दोन महिने तो फक्त मारवा हा उदास राग गात होता, आपल्याला कळायला हवं होतं. कुठून सुरुवात करू? (एक बहीण, लष्कर, ग्वाल्हेर)

ताई,

आधी आईंचं बघू, मग गाण्याचं.

मुलाचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकावासा वाटणं हा आजार नाही. ती व्हॉइस नोट काढून घेऊ नका, लपवू नका. उलट आजच तिची प्रत करा, कारण ती आईंच्या फोनमध्ये व्हॉट्सअॅपच्या पोटात आहे आणि 'जागा कमी आहे' असं सांगत फोन एखाद्या दिवशी साफसफाई सुचवेल. अँड्रॉइड फोन असेल तर फाइल मॅनेजरमध्ये व्हॉट्सअॅपच्या मीडिया फोल्डरात 'व्हॉइस नोट्स' नावाचा कप्पा सापडतो. तो सबंध उचलून लॅपटॉपवर ठेवा. मग आईंना त्याचं दुसरंही काही ऐकू द्या: आरंभ आणि शेवट असलेली, पाच-सात मिनिटांची एखादी पूर्ण बंदिश, दिवसा, कुणीतरी शेजारी बसलेलं असताना. बोलण्याचा तुकडा रात्री एकटीने कानाला लावून ऐकणं आणि गाणं चारचौघांत ऐकणं, यांचा मनावरचा भार वेगळा असतो.

पण झोप-जेवण तुटलं असेल, घरातली रोजची कामं महिनोन्‌महिने सुटली असतील, तर डॉक्टर हवाच. आणि 'मला त्याच्याकडे जायचंय' असं काही त्या बोलल्या, तर त्याच दिवशी. तोवर त्यांना एकटं सोडू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. चोवीस तास, विनामूल्य, भाषा निवडता येते. तुमच्या गावात जयारोग्य रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. घरातलं माणूस असं गेलं की मागे राहिलेल्यांचाही धोका वाढतो. त्यात बाबा आले, तुम्ही आलात, आणि तो मारव्याची खंत करणारा मित्रही आला. 'तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?' हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, बहुतेकदा बोलायला वाट मिळते.

आता गाणं. सगळ्यांत घाईचं काम तुम्ही पत्रात लिहिलंच नाहीत: त्याचा मोबाइल नंबर चालू आहे का? नसेल तर आजच रिचार्ज करा, सिम ठाण्यातल्या फोनमध्ये असलं तरी. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरात नसला की कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे दुसऱ्याला देते. त्याच्या ईमेलचा, यूट्यूबचा, क्लाउडचा ओटीपी त्याच नंबरावर येणार. व्हॉट्सअॅपचं खातं १२० दिवस बंद राहिलं की पुसलं जातं, गूगलचं खातं दोन वर्षांनी. मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा घेऊन कंपनीच्या दुकानात नंबर घरच्या माणसाच्या नावावर करून घ्या. दाखल्याच्या आठ-दहा साक्षांकित प्रती एकदमच करून ठेवा, पुढे जागोजागी लागतील.

फोन मर्ग (अकस्मात मृत्यूच्या) चौकशीत अडकलाय, म्हणून तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि अर्जाची पोच घ्या. चौकशी लांबली तर वकिलामार्फत न्यायालयात सुपुर्दगीचा, म्हणजे फोन ताब्यात मिळण्याचा, अर्ज करता येतो. अर्जात 'फोनमध्ये मृताची संगीताची ध्वनिमुद्रणं आहेत, ती नष्ट होऊ नयेत' हे वाक्य जरूर घाला. फोन हातात आला की लॉकचे आकडे अंदाजाने मारत बसू नका. प्रत्येक चुकीगणिक थांबायची वेळ वाढते, आणि काही फोनमध्ये ठरावीक चुकांनंतर सगळं पुसलं जाण्याची सोय केलेली असते. बाजारात 'लॉक तोडून देतो' म्हणणारे बहुतेक जण फोन रिसेट करतात. फोन उघडतो खरा, पण आतून रिकामा. हल्लीच्या फोनमधला मजकूर सांकेतिक रूपात साठवलेला असतो, रिसेटनंतर तो परत आणता येत नाही. लॉक माहीतच नसेल तर फोन तसाच बंद ठेवा आणि बाकीच्या वाटांनी गाणं गोळा करा. बरंचसं मिळतं.

इन्स्टाग्रामचं खातं 'स्मृती खातं' करून घ्यायची घाई मित्र हमखास करतात. त्यांना थांबवा. एकदा ते तसं झालं की पासवर्ड माहीत असला तरी कुणालाच आत जाता येत नाही. आधी सेटिंगमधून सगळ्या माहितीची प्रत उतरवून घ्या, मग काय ते ठरवा.

लॅपटॉपचं काम नाजूक आहे. त्याने गाणी ज्या सॉफ्टवेअरवर बांधली, एफएल स्टुडिओ असो, रीपर असो की आणखी काही, त्याची 'प्रोजेक्ट' फाइल म्हणजे फक्त हिशेबाची वही असते. कुठला आवाज कुठून उचलायचा आणि त्यावर कुठला परिणाम (इफेक्ट) लावायचा, एवढंच तिच्यात असतं. आवाज भलतीकडे ठेवलेले असतात. कुणी सद्‌हेतूने फोल्डर नीट लावून ठेवले, नावं बदलली, की गाणं उघडताना अर्धे आवाज 'सापडत नाहीत'. म्हणून लॅपटॉप अपडेट करू नका, काही हलवू नका. आधी सबंध डिस्कची जशीच्या तशी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. मग त्याच लॅपटॉपवर, ते सॉफ्टवेअर जाणणाऱ्या मित्राला बसवून एकेक गाणं उघडा. प्रत्येक ट्रॅक वेगळा, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत सारख्या लांबीचा, २४ बिट वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढा. एकदा परिणामांसह, एकदा परिणामांशिवाय. सोबत वहीत गाण्याची गती लिहा. हे केलंत की सॉफ्टवेअर राहो न राहो, वीस वर्षांनीही ते गाणं कुठल्याही यंत्रावर उभं करता येईल. केलं नाही, तर लॅपटॉप बसला त्या दिवशी गाणंही बसेल.

मित्रांकडून आणि गुरुजींकडून फाइली मागवताना व्हॉट्सअॅपवर मागवू नका. साधा व्हिडिओ पाठवला की तो दाबला जातो, आवाजाची धार जाते. शिवाय आवाजाच्या फाइलीचं मूळ नाव जाऊन 'एयूडी' (AUD) आणि तारीख असं नाव लागतं. ती तारीख फाइल पोचल्याची, गायल्याची नव्हे. सहा महिन्यांनी सगळेच गोंधळतात. पेन ड्राइव्ह घेऊन घरोघरी जा. ज्याच्या फोनवर रेकॉर्डिंग आहे त्याच्याच फोनवर मूळ तारीख, वेळ आणि लांबी दिसणारा स्क्रीनशॉट आधी घ्या, मग फाइल उतरवा. कॉपी करताना बऱ्याचदा तारीख बदलून आजची होते. जागा फार लागत नाही. फोनवरचं साधं रेकॉर्डिंग मिनिटाला एक-दोन एमबी, आणि २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झची स्टिरिओ वेव्ह तासाला साधारण एक जीबी. एक टीबीच्या दोन हार्ड डिस्क पुष्कळ झाल्या. एक घरी, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे, आणि तिसरी प्रत क्लाउडवर. पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक, जपून ठेवायला नाही. मूळ फाइलींच्या फोल्डराला 'मूळ' नाव द्या आणि त्याला हात लावू नका. काम करायचं ते प्रतींवर.

इथपर्यंत बाबांची हरकत असायचं कारण नाही, आणि त्यांच्याशी बोलणी इथेच करा. 'अल्बम काढू का?' असं विचाराल तर 'नाही' येईल, आणि ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. आत्महत्येनंतर गावात काय काय कानावर येतं ते घरच्या कर्त्याला पहिल्यांदा येतं. त्यांना एवढंच म्हणा: एक वर्ष काही पुसायचं नाही आणि काही बाहेर काढायचं नाही. डिस्क पाकिटात बंद करून कपाटात ठेवा, किल्ली त्यांच्याकडे द्या. पुसलेलं परत येत नाही, न काढलेला अल्बम पुढच्या वर्षीही काढता येतो. म्हणूनच वर्षश्राद्धाची तारीख सोडा असं आमचं स्पष्ट मत आहे. त्या तारखेला बांधलेल्या अल्बमची घाई होते, निवड भावनेच्या भरात होते, आणि दर वर्षी त्याचं गाणं त्याच्या मृत्यूच्या दिवशीच वर येत राहतं. त्याचा वाढदिवस घ्या, किंवा कुठलाही साधा रविवार.

ऐकण्याच्या कामाला माणसं नीट निवडा. पहिली फेरी घरच्यांनी करू नये. त्याच्या ओळखीचा पण घरातला नसलेला, गाणं कळणारा एक जण आणि त्याच्याबरोबर आणखी एक, असे दोघे बसू देत. दिवसा, एका वेळी चाळीस मिनिटांपेक्षा जास्त नको. रियाझाच्या रेकॉर्डिंगमध्ये मध्येच फोनवरचं बोलणं असतं, भांडण असतं, रडणंही असतं. ते कुणाला ऐकवायचं नाही, अल्बमवाल्या गटात चर्चेला आणायचं नाही. निरोपासारखं काही सापडलं तर तिथेच थांबा. प्रती वाटू नका, चौकशी चालू असेल तर तपास अधिकाऱ्याला कळवा, आणि ते कधीच प्रसिद्ध करू नका.

ऐकताना वहीत लिहा: तारीख, जागा, राग, ताल, लय, बंदिशीचे पहिले शब्द, बंदिश पारंपरिक की कुणाची, कुठल्या पट्टीत, तबला-पेटीवर कोण, रेकॉर्ड कुणी केलं, लांबी. रागाचं नाव गुरुजींकडून तपासून घ्या. ग्वाल्हेरात बंदिशीचे शब्द तोंडपाठ असलेली माणसं घरोघरी आहेत, चुकीची नोंद पहिल्याच दिवशी पकडली जाईल.

आता मारवा. त्या मित्राला आमच्या वतीने सांगा: मारवा उदासच असतो. षड्‌ज टाळत टाळत, कोमल रिषभावर ताटकळत ठेवणारा संधिप्रकाशाचा राग आहे तो. एक राग महिनोन्‌महिने घोटणं ही आपल्याकडची शिकण्याची साधी रीत आहे, गुरुजींना विचारलंत तर तो त्या सुमारास मारवाच शिकत होता असंही कळेल कदाचित. गेलेल्याच्या गाण्यात कारण शोधायला बसलं की प्रत्येक कोमल सूर पुरावा वाटू लागतो. आत्महत्येला एक कारण नसतं आणि ते रेकॉर्डिंगमध्ये सापडत नाही. मारवा चांगला झाला असेल तर अल्बममध्ये घ्या, तोही मधे कुठेतरी. शेवटी नको.

निवड तिघांनी करावी: तुम्ही, गुरुजी आणि त्याच्या बरोबरीचा एक गाणारा किंवा वाजवणारा. तीस-चाळीस तासांचं साहित्य असलं तरी अल्बम पाऊण ते एक तासाचा, आठ-दहा गाण्यांचा ठेवा. 'त्याचं आहे म्हणून' घेतलेलं कच्चं गाणं त्याच्यावर अन्याय करतं. ते 'मूळ'मध्ये सुखरूप आहेच. ग्वाल्हेर गायकीचे द. वि. पलुस्कर १९५५ मध्ये ३४ व्या वर्षी गेले. आज त्यांचं नाव निघालं की लोक त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढून बसतात, आजार कोणता होता हे कुणी विचारत नाही. तुमच्या भावाचंही गाणं ऐकताना तसंच व्हावं, एवढी नजर निवडताना ठेवा. 'शेवटचं रेकॉर्डिंग' हे निवडीचं कारण होऊ शकत नाही.

आवाज साफ करताना सगळ्यांत जास्त नासधूस होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फोनचा रेकॉर्डर बोलण्यासाठी बनवलेला असतो. तो एकसारखा चालणारा आवाज गोंगाट समजून दाबतो आणि तानपुरा नेमका एकसारखा असतो. म्हणून गायला लागला की तानपुरा नाहीसा होतो, श्वास घेतला की उसळून वर येतो. हे नंतर पुरतं दुरुस्त होत नाही, आणि वरून नवा तानपुरा चढवू नका. दोन तानपुऱ्यांत केसभर फरक पडला तरी सुरेल माणूस बेसूर वाटायला लागतो.

पंख्याची घरघर काढायला सॉफ्टवेअर नुसत्या घरघरीचा दोन-तीन सेकंदांचा नमुना मागतं. बहुतेक जण आलापाआधीचा तुकडा देतात, ज्यात तानपुरा चालू असतो. मग पंख्याबरोबर तानपुरा जातो, मींडेचं (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचं) टोक जातं, आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. नमुना रेकॉर्डिंगच्या अगदी शेवटी शोधा. तानपुरा बंद केल्यावर आणि रेकॉर्डर थांबवायच्या आधी दोन-तीन सेकंद नुसता पंखा मिळतो. तेवढा तुकडा नसेल तर पंखा राहू द्या. असेल तरी एका वेळी सहा डेसिबलपेक्षा जास्त काढू नका. खालचे आवाज कापायची तयार सेटिंग ८० किंवा १०० हर्ट्‌झला लावलेली असते. तो काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) गात असेल तर मधला सा १३८ हर्ट्‌झच्या आसपास आणि तानपुऱ्याचा खर्ज ६९ च्या आसपास, म्हणजे त्या सेटिंगने खर्जच उडणार. ४० वर आणा. विजेची गुणगुण ५० हर्ट्‌झला असते, तिथे अरुंद काप पुरतो. सूर 'दुरुस्त' करणारं सॉफ्टवेअर तर लावूच नका, त्याला आंदोलित, म्हणजे मुद्दाम हलता ठेवलेला, कोमल गंधार ही चूकच वाटते. शेवटी आवाजाची पातळी: ऐकवणारी अॅप्स साधारण वजा १४ एलयूएफएसला (हे आवाजाच्या जोराचं माप) आणून वाजवतात, म्हणून काही मंडळी सगळं दाबून तिथवर चढवतात. ख्यालाला वजा १८ पर्यंत चालतं. विलंबितातली शांतता शांतच राहू दे.

कुकरची शिट्टी, आईंची हाक? आम्ही ठेवू. पण हा निर्णय घरच्यांचा.

अर्धवट राहिलेल्या गाण्यांवर मित्र जीव टाकतात: 'आम्ही पूर्ण करतो.' नका करू. स्थायी झाली आणि अंतरा नाही, तर स्थायीच द्या आणि 'अपूर्ण' लिहा. नवीन तबला चढवलाच तर कुणी, कधी चढवला ते नोंदवा, आणि मूळही सोबत ठेवा. त्याच्या आवाजाची यंत्राकडून नक्कल करून उरलेले शब्द गाऊन घ्यायची टूम निघाली असेल, तर ती घराच्या उंबऱ्याबाहेरच ठेवा. तो जे गायला नाही, ते त्याच्या नावावर चढवायचा हक्क कुणालाच नाही.

कायद्याचं थोडं. स्वतः बांधलेल्या गाण्यांवरचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हयातीनंतर ६० वर्षं टिकतो आणि वारसांकडे जातो. वारस कोण, हे तुमच्या घरात महत्त्वाचं ठरेल. अविवाहित हिंदू मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात आई पहिल्या वर्गातली वारस आहे आणि वडील दुसऱ्या. म्हणजे सही आईंची लागेल. हे कलम बाबांपुढे भांडणात काढू नका, पण आईंची मनःस्थिती सावरल्याशिवाय अल्बम पुढे सरकू नये याचं हेही एक कारण धरा.

ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र ज्याने ते पुढाकार घेऊन, स्वतःच्या जबाबदारीवर केलं त्याचा असतो. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग संस्थेने केलं असेल तर संस्थेची परवानगी हवी. तबलजी, पेटीवाले, तानपुऱ्यावर बसून साथीला गाणारी मुलगी, या सगळ्यांना कलाकार म्हणून वेगळा हक्क आहे, ५० वर्षांचा. तोंडी 'हो काका' पुरत नाही. साध्या कागदावर लिहून घ्या: 'अमुक तारखेला अमुक ठिकाणी अमुक यांच्या गायनाला मी साथ केली. ते ध्वनिमुद्रण त्यांच्या कुटुंबाने प्रसिद्ध करण्यास माझी संमती आहे. माझं नाव असं छापावं. यातून उत्पन्न आल्यास वाटा घेईन / घेणार नाही.' खाली सही, तारीख. पारंपरिक बंदिशींचा प्रश्न नाही. गुरुजींची स्वतःची बंदिश असेल तर त्यांची संमती घ्या. सिनेमातल्या गाण्यांच्या नकला अल्बममधून वगळा, परवान्याच्या फेऱ्यात पडाल. कवितांना चाली लावल्या असतील तर कवी कधी गेले ते पाहा. तुमच्या ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे १९४१ मध्ये गेले, त्यांच्या हयातीत छापलेल्या कवितांवरचा हक्क २००१ अखेर संपला. त्यांच्या शब्दांवर भावाने बांधलेली स्वतःची चाल खुशाल घ्या. गाजलेली, दुसऱ्याने बांधलेली चाल मात्र नाही.

अॅप्सवर गाणी टाकणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांत काही वर्षाला पैसे घेतात, आणि वर्गणी चुकली की अल्बम उतरवतात. एकरकमी घेणारी शोधा. खातं मित्राच्या नव्हे, घरच्या ईमेलवर उघडा. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेलचं लागतं, आणि ठरलेल्या तारखेच्या निदान तीन-चार आठवडे आधी सगळं जमा करा. कलाकाराच्या नावाआधी 'स्व.' किंवा 'कै.' लावू नका. यंत्राला तो वेगळाच माणूस वाटतो आणि त्याने स्वतः टाकलेली जुनी गाणी एकीकडे, अल्बम दुसरीकडे असं होतं.

मजकुरात काय लिहायचं? जन्मसाल, मृत्यूचं साल, कुणाकडे शिकला, काय गायचा, काय बांधायचा. कसा गेला हे लिहायचं की नाही ते घराने ठरवावं, दोन्ही चालतं. लिहायचं तर एका साध्या वाक्यात. कशाने, कुठे, चिठ्ठी होती की नव्हती, यातलं काहीही नको. जागतिक आरोग्य संघटनेने माध्यमांसाठी हेच सांगितलंय आणि भारतीय प्रेस परिषदेने २०१९ मध्ये ते स्वीकारलं, कारण असा तपशील वाचून त्याच वयाच्या, त्याच मनःस्थितीतल्या मुलांचा धोका वाढतो. 'सुरांत विलीन झाला', 'सुटला', 'जगाला तो कळला नाही' हेही नको. त्याचे श्रोते तेवीस-चोवीसचे असणार. खाली १४४१६ द्या. यूट्यूबवर प्रतिक्रिया तपासूनच दिसतील अशी सेटिंग पहिल्या दिवसापासून ठेवा, कारण 'काय झालं होतं?' हा प्रश्न पहिल्या तासात येतो.

मैफल लहान ठेवा, चाळीस-पन्नास माणसं, एखाद्या वाड्याचा दिवाणखाना. डिसेंबरात तानसेन समारोहाच्या दिवसांत नको, साथीदार मिळणार नाहीत. त्याची रेकॉर्डिंग दोन, फार तर तीन, प्रत्येकी सात-आठ मिनिटं. ती मधे वाजवा आणि शेवट समोर बसलेल्या माणसाच्या गाण्याने करा, भैरवी त्याच्या गुरुबंधूने म्हणावी. रेकॉर्डिंगवर संपवलं तर लोकांना उठता येत नाही आणि बोलताही येत नाही, मुलं तशीच जड मनाने घरी जातात. फोनवरचं रेकॉर्डिंग मोठ्या स्पीकरांवर उघडं पडतं, तेव्हा आदल्या दिवशी त्याच जागी वाजवून बघा. बसलेल्यांच्या कानाच्या उंचीवर एक चांगला स्पीकर, आवाज साधा गाणारा समोर बसल्याइतका, घुमारा बंद. रेकॉर्डिंगबरोबर कुणी तबला धरू नये. लय हलली की साथीदार त्याला सांभाळू शकतो, तो साथीदाराला नाही. आई-बाबांना आधीच कागदावर क्रम आणि वेळा लिहून द्या, बाहेर जायच्या दाराजवळ बसवा, आणि त्याचं बोलणं न सांगता अचानक वाजवू नका. फोटो ठेवा, पण व्यासपीठाच्या मध्यभागी हार घालून नव्हे. तिथे गाणाऱ्याने बसायचंय.

पेटीचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहितो. ती कपाटात बंद ठेवाल तर पावसाळ्यात सूर (आतल्या पितळी जिभा) चिकटतील आणि आतल्या चामड्याला कसर लागेल. आठवड्यातून दहा मिनिटं कुणीतरी भाता हलवून सगळ्या पट्ट्या वाजवा. दुरुस्तीला द्यायची वेळ आली तर आधी प्रत्येक पट्टीचा सूर पाच-पाच सेकंद, खालपासून वरपर्यंत रेकॉर्ड करून 'मूळ'मध्ये टाका. कारागीर सूर घासून सगळी पेटी नव्याने मिळवतो. त्याची गाणी ज्या पेटीवर बांधलेली आहेत, ती जुनी मिळवणी मग फक्त त्या फाइलीतच राहील.